गोजी बेरी खाताना: चिनी वैद्यकाने घातलेल्या अटी

सुकामेव्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात ‘गोजी बेरी’ या नावाने जे लांबट, लाल, सुरकुतलेले फळ मिळते, त्याच्या पाकिटावर बहुधा दृष्टी, प्रतिकारशक्ती, तारुण्य आणि दीर्घायुष्य यांची आश्वासने छापलेली असतात आणि सोबत प्राचीन चिनी परंपरेचा दाखलाही दिलेला असतो. हा दाखला खोटा नाही, परंतु तो अर्धा आहे. चिनी वैद्यकाने या फळाचे गुण जसे सांगितले, तसेच ते किती घ्यावे, कोणी घ्यावे, कशाच्या जोडीने घ्यावे आणि केव्हा मुळीच घेऊ नये, हेही सांगितले. पाकिटावर गुण आले आणि अटी मागे राहिल्या. या अटी समजून घेतल्या, तर हे फळ बहुतेक निरोगी माणसांना निर्धास्तपणे खाता येते. त्या माहीत नसल्या, तर काही थोड्या माणसांना त्याच फळामुळे रुग्णालयात जावे लागू शकते. म्हणून गुणांपेक्षा अटींविषयीच येथे अधिक लिहिले आहे.

चीनमध्ये या फळाला गौची म्हणतात. ते देणारे झुडूप वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा यांच्याच कुळातले असून त्याच्या दोन जाती चीनमध्ये वापरात आहेत: लायसियम बार्बारम आणि लायसियम चायनेन्स. औषधी फळ म्हणून चीनची अधिकृत औषधसंहिता यांपैकी फक्त पहिल्या जातीचे सुकवलेले फळ मान्य करते. त्याचे सर्वांत नावाजलेले क्षेत्र म्हणजे वायव्य चीनमधील निंगशिया हा स्वायत्त प्रदेश आणि त्यातही झोंगनिंग हा तालुका. पीत नदीच्या पाण्यावर भिजणारी, क्षार असलेली जमीन, कोरडी हवा, भरपूर ऊन आणि रात्रीचा गारवा या गोष्टींमुळे तेथील फळ गोड आणि मांसल होते, असे तेथील शेतकरी आणि औषधांचे व्यापारी सांगतात. आज छिंगहाय, गान्सू आणि शिंजियांग या भागांतही त्याची मोठी लागवड आहे. ‘हिमालयातील गोजी’ अशी जाहिरात परदेशांत बरीच झाली, परंतु बाजारात मिळणारा बहुतेक माल हिमालयातून नव्हे, तर पीत नदीच्या खोऱ्यातील आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या पठारांवरील बागांमधून येतो.

या झुडपाचे फळ, पाने आणि मुळांची साल अशा तिन्ही गोष्टी वापरल्या जातात आणि तिन्हींचे काम निराळे मानले जाते. कोवळी पाने ग्वांगदोंग प्रांतात भाजी म्हणून सूपमध्ये घालतात. मुळाची साल थंड गुणाची मानलेली असून ती अंगातली कडकी आणि जुना, बारीक ताप यांवर दिली जाते. फळ मात्र पोषण करणारे. हा फरक सांगण्याचे कारण असे, की गोजीची महती सांगताना ‘शेन्नोंग बेनत्साओ जिंग’ या हान काळाच्या आसपास संकलित झालेल्या जुन्या औषधग्रंथाचा हवाला नेहमी दिला जातो. त्या ग्रंथात गौचीला सर्वांत वरच्या, म्हणजे दीर्घकाळ घेण्याजोग्या औषधांच्या वर्गात स्थान आहे, हे खरेच. पण तेथे तिची चव कडू आणि प्रकृती थंड अशी नोंदवलेली आहे. गोड फळाला हे वर्णन लागू पडत नाही. पानांना किंवा मुळांना पडते. फळ, पान आणि मूळ यांचे गुण स्पष्टपणे वेगळे करून मांडण्याचे काम नंतरच्या शतकांत झाले, आणि सोळाव्या शतकातील थोर औषधतज्ज्ञ ली शिझेन याने आपल्या प्रचंड ग्रंथात या भेदाची सविस्तर चर्चा केली. त्यामुळे ‘दोन हजार वर्षांपूर्वीच या फळाचे गुण सांगितले आहेत’ असे वाक्य वाचले, की थोडे थांबावे. त्या काळातील मजकूर नेमका झुडपाच्या कोणत्या भागाविषयी आहे, हा प्रश्न तेथे विचारावाच लागतो.

आता चिनी वैद्यक या फळाविषयी आज काय म्हणते ते पाहू. औषधसंहितेनुसार गौचीच्या फळाची चव गोड आहे, प्रकृती सम आहे, म्हणजे ते ना उष्ण ना थंड, आणि ते यकृत व मूत्रपिंड या दोन व्यवस्थांवर काम करते. त्या दोहोंचे पोषण करणे, शरीरातील मूळ सारतत्त्व वाढवणे आणि डोळ्यांना तेज देणे, ही त्याची कामे. येथे यकृत आणि मूत्रपिंड हे शब्द शरीरशास्त्रातील अवयवांच्या अर्थाने घेतले, तर सगळेच चुकते. चिनी वैद्यकात ‘मूत्रपिंड’ म्हणजे जन्मजात मिळालेल्या सारतत्त्वाचे भांडार. वाढ, प्रजनन, कंबर, गुडघे, केस, श्रवण आणि म्हातारपण या सर्वांशी त्याचा संबंध जोडलेला आहे. ‘यकृत’ रक्त साठवते, स्नायुबंध मऊ ठेवते आणि डोळ्यांच्या वाटे बाहेर उघडते, अशी धारणा आहे. म्हणून उतारवयात दृष्टी धूसर होणे, डोळे कोरडे पडणे, चक्कर येणे, कंबर आणि गुडघे दुखणे, कानांत आवाज होणे ही लक्षणे एकत्र दिसली, की चिनी वैद्य ‘यकृत आणि मूत्रपिंडाचे यिन, म्हणजे गारवा आणि ओलावा देणारे तत्त्व, कमी झाले’ असे निदान करतो, आणि त्या निदानात गौचीला जागा असते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण किंवा यकृताला सूज आलेला रुग्ण यांच्यासाठी ‘हे फळ यकृताला आणि किडनीला चांगले’ असे म्हणून ते सुचवणे, ही परंपरा नव्हे. तो परंपरेचा चुकीचा अर्थ आहे, आणि तो धोकादायकही ठरू शकतो.

रस, वीर्य, विपाक ही आयुर्वेदातील परिभाषा कानावरून गेलेल्या मराठी वाचकाला चव आणि प्रकृती यांची ही भाषा परकी वाटणार नाही. तरीही दोन शास्त्रांची सरळ जुळवणी करू नये, असे मला वाटते. गौची सम की किंचित उष्ण, यावर चिनी वैद्यांमध्येही एकमत नाही. औषधसंहिता सम म्हणते, लोकव्यवहारात अनेक जण तिला उष्णतेकडे झुकणारी मानतात. तिच्यावर आपल्याकडचे पित्त-वाताचे निकष लावून निर्णय घेण्यापेक्षा, ती ज्या पद्धतीत शेकडो वर्षे वापरली गेली त्या पद्धतीचे निरीक्षण समजून घेणे अधिक विश्वासार्ह आहे.

त्या निरीक्षणातील सर्वांत उपयोगी भाग म्हणजे निषेध. सर्दी-पडसे, ताप, घसा सुजणे, अंगात कोठेही तीव्र दाह असणे, अशा वेळी गौची घेऊ नये, असे चिनी वैद्यक सांगते. त्यामागचा विचार असा, की बाहेरून आलेला रोग अजून शरीरात असताना पौष्टिक औषध देणे म्हणजे चोर घरात असतानाच दार लावून घेणे. आधी चोराला बाहेर काढावे, मग घराची डागडुजी करावी. दुसरा निषेध पचनाचा. ज्यांचे पोट नेहमी बिघडलेले असते, शौचाला पातळ होते, पोट फुगते, जिभेवर जाड चिकट थर असतो, त्यांच्या ‘प्लीहे’त, म्हणजे चिनी वैद्यकाच्या मते पचन सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, ओल साठली आहे असे मानतात आणि गोड, स्निग्ध गुणाचे हे फळ ती ओल वाढवते, म्हणून त्यांना ते वर्ज्य किंवा फार थोडे. या दोन्ही सूचना आधुनिक भाषेत मांडायच्या झाल्या तरी त्यांत अर्थ उरतो: सुकवलेल्या गोजीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५ ग्रॅम साखर आणि १३ ग्रॅम तंतू असतात, तेव्हा नाजूक पोटाच्या माणसाने मूठभर फळे एकदम खाल्ली, तर जुलाब आणि पोट फुगणे हे अगदी अपेक्षितच आहे.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. चिनी वैद्य गौची एकटी क्वचितच देतो. डोळ्यांच्या तक्रारींसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘छी जू दीह्वांग वान’ या गोळ्यांचेच उदाहरण घ्या. त्यांत आठ द्रव्ये असतात. शिजवलेले दीह्वांगचे मूळ, कोनफळाच्या जातीचा एक कंद आणि गौची यांसारखी पोषण करणारी, जड द्रव्ये एका बाजूला. तर फूलिंग नावाची बुरशी आणि झेशिये हे पाणथळ जागेतील कंद, ही ओल काढून टाकणारी द्रव्ये दुसऱ्या बाजूला, आणि शेवंतीचे फूल डोळ्यांची उष्णता उतरवण्यासाठी. भर घालणाऱ्याबरोबर निचरा करणारे हवेच, हा या योजनेचा पाया आहे. घरगुती चहातही गौचीबरोबर शेवंतीची फुले टाकतात, ती केवळ सुगंधासाठी नाहीत. यातून एक फळ उचलून, त्याचा अर्क काढून, तो बाटलीत भरून ‘रोज एवढे मिली घ्या’ असे सांगणे, ही गेल्या दोन-तीन दशकांतील व्यापाराची कल्पना आहे. चिनी वैद्यकाची नाही.

प्रमाणाकडे वळू. औषधसंहितेने सांगितलेली मात्रा दिवसाला ६ ते १२ ग्रॅम सुकी फळे एवढी आहे. हे म्हणजे साधारण एक ते दोन मोठे चमचे. फळे मोजूनही अंदाज करता येतो, कारण चीनमध्ये गौचीची प्रतवारी ५० ग्रॅममध्ये किती दाणे बसतात यावर होते: सर्वांत वरच्या प्रतीत जास्तीत जास्त २८० दाणे, त्याखालच्या प्रतीत ३७०, त्याखाली ५८०. मधल्या, ३७० दाण्यांच्या प्रतीचे फळ घेतले, तर ६ ग्रॅम म्हणजे सुमारे ४५ दाणे आणि १२ ग्रॅम म्हणजे सुमारे ९० दाणे होतात. रोजच्या चहाच्या पेल्यात लोक सहसा वीस-पंचवीस दाण्यांवर थांबतात. २०१७ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ या गाजलेल्या चिनी रॉक वाद्यवृंदाच्या ढोलवादकाचे हातात थर्मास घेतलेले छायाचित्र सर्वत्र पसरले आणि तेव्हापासून गरम पाण्यात गौची टाकलेला थर्मास ही तेथे मध्यमवयाची खूणच झाली. त्या थर्मासातही असतात ते मोजके दाणेच. नव्याने सुरू करणाऱ्याने दहा-पंधरा दाण्यांपासून आरंभ करावा, आठवडाभर पोट आणि त्वचा यांकडे लक्ष द्यावे आणि मग हवे तर वाढवावे. मोठे प्रमाण घेतल्याने लाभ लवकर होतो, असे मानण्यास ना परंपरेत आधार आहे, ना प्रयोगांत.

यापुढची अट जुन्या ग्रंथांत सापडणार नाही, कारण ती औषधेच तेव्हा नव्हती. पण माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्या व्यक्तींनी गोजी खाऊ नये. २००१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका ६१ वर्षांच्या चिनी महिलेची हकिकत प्रसिद्ध झाली. तिची वॉरफेरिनची मात्रा व्यवस्थित बसलेली होती आणि रक्त गोठण्याच्या वेळेचे मोजमाप, म्हणजे आयएनआर, २ ते ३ या अपेक्षित मर्यादेत राहत होते. गौचीचा दाट काढा दिवसाला तीन-चार पेले असा काही दिवस घेतल्यावर तिचा आयएनआर ४.१ वर गेला. दुसरे कोणतेही कारण सापडले नाही आणि काढा थांबवल्यावर तो पुन्हा खाली आला. २००८ मध्ये ८० वर्षांच्या एका चिनी पुरुषाच्या बाबतीत हेच दोनदा घडल्याची नोंद झाली. २०१२ मधील नोंद याहून गंभीर आहे: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉरफेरिन घेणाऱ्या ७१ वर्षांच्या महिलेने चार दिवस गोजीचा रस घेतला, आणि नाकातून व गुदद्वारातून रक्तस्राव, अंगावर काळेनिळे डाग अशा अवस्थेत तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. असे का होते, हे पूर्णपणे उलगडलेले नाही. वॉरफेरिनचे यकृतात विघटन करणाऱ्या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, गोजीचा परिणाम होत असावा असा कयास आहे, पण प्रयोगशाळेत तो परिणाम सौम्यच आढळला. कारण धूसर असले, तरी घटनांचा क्रम प्रत्येक वेळी सारखाच आहे.

आपल्याकडे ही सूचना विशेष गरजेची वाटते, कारण लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊन पुढे झडप बदलावी लागलेले रुग्ण भारतात बरेच आहेत, आणि त्यांना अशा गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. त्यांतील अनेकांना वॉरफेरिनऐवजी अॅसिनोकुमारॉल दिले जाते. त्याचे काम वॉरफेरिनच्याच मार्गाने चालते आणि त्याचे विघटनही मुख्यतः त्याच विकराकडून होते, तेव्हा खबरदारीही तीच घ्यावी. घरातील ज्येष्ठांना ‘डोळ्यांसाठी चांगले’ म्हणून प्रेमाने गोजीचे पाकीट आणून देण्याआधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचावी. आणि जो रुग्ण आधीच खात असेल, त्याने डॉक्टरांना ते सांगावे. सुकामेवा हा औषध नव्हे म्हणून सांगायचे राहून जाते, आणि आयएनआर का हलला हे मग कोणालाच कळत नाही.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांविषयी एवढा ठोस पुरावा नाही. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर गोजीतील बहुशर्करांच्या, म्हणजे पॉलिसॅकराइडच्या अर्काचे छोटे प्रयोग चीनमध्ये झाले असून त्यांत रक्तातील साखर काहीशी कमी झाल्याचे दिसले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अर्काच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. फळाची गोष्ट वेगळी: १० ग्रॅम फळांत साडेचार ग्रॅमच्या आसपास साखर येते, ती दिवसाच्या हिशेबात धरावी, म्हणजे झाले. मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पोटॅशियमवर मर्यादा घातलेली असते, त्यांनी इतर सुक्या फळांप्रमाणे हेही आहारतज्ज्ञाला विचारूनच घ्यावे. गरोदरपणात चिनी घरांत सूपमध्ये चार दाणे पडतात आणि बाळंतपणानंतर तर आवर्जून घालतात, परंतु गरोदर स्त्रियांवरील पद्धतशीर अभ्यास नसल्यामुळे अर्क आणि काढे टाळलेले बरे. कर्करोगाच्या उपचारांदरम्यान ‘प्रतिकारशक्तीसाठी’ गोजीचा रस किंवा भुकटी घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना न विचारता तो पाळू नये. रुग्ण आणि त्याचे कुटुंब त्या काळात कोणत्याही आशेला धरून राहतात, आणि म्हणूनच त्यांना अपुऱ्या माहितीवर सल्ला देणाऱ्याची जबाबदारी मोठी असते.

अॅलर्जी हा निराळा विषय. स्पेनमध्ये गोजीची आवड वाढल्यावर तेथील डॉक्टरांना अंगावर पित्त उठण्यापासून ते श्वास कोंडण्यापर्यंतच्या प्रतिक्रिया दिसू लागल्या. पीच फळाची अॅलर्जी असणाऱ्यांमध्ये त्या अधिक आढळल्या, कारण दोन्ही फळांत एकाच प्रकारची, शिजवल्यावरही सहज नष्ट न होणारी प्रथिने असतात. ज्यांना पीच, टोमॅटो किंवा कवचाची सुकी फळे सोसत नाहीत, त्यांनी गोजी पहिल्यांदा खाताना एक-दोन दाण्यांपलीकडे जाऊ नये, आणि पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेली असेल तर खाऊच नये.

याउलट, एका भीतीला मात्र फारसा आधार नाही. हे झुडूप धोतऱ्याच्या कुळातले, म्हणून त्याच्या फळांत अॅट्रोपिन हे विष असते, असे वाचनात येते. २००६ मध्ये चीन आणि थायलंडमधून आलेल्या फळांच्या नमुन्यांची अतिशय सूक्ष्म तपासणी झाली, तेव्हा अॅट्रोपिनचे प्रमाण जास्तीत जास्त एक अब्ज भागांत १९ भाग एवढेच निघाले. माणसावर परिणाम होण्यास लागणाऱ्या मात्रेच्या ते जवळपासही नाही.

डोळ्यांसाठी गोजी खरोखर उपयोगी आहे का, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. गोजीत झिअॅक्झँथिन नावाचे पिवळे-केशरी रंगद्रव्य विपुल असते. हेच रंगद्रव्य दृष्टिपटलाच्या मध्यभागी, ज्याला मॅक्युला म्हणतात तेथे, नैसर्गिकरीत्या साठलेले असते आणि निळ्या प्रकाशाचा मारा अडवते. वय वाढते तशी मॅक्युलाची झीज होऊन काहींना समोरचे दिसेनासे होते, तेव्हा हे रंगद्रव्य आहारातून वाढवावे, हा विचार तर्काला धरून आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ ते ७० वयोगटातील १५० निरोगी चिनी ज्येष्ठांपैकी काहींना दुधात तयार केलेली गोजीची भुकटी रोज १३.७ ग्रॅम अशी ९० दिवस दिली. त्यांच्या रक्तातील झिअॅक्झँथिन वाढले, आणि ती भुकटी न दिलेल्या दुसऱ्या गटात मॅक्युलावर जे बारीक बदल दिसले ते यांच्यात दिसले नाहीत. हा अभ्यास खाद्यउद्योगाशी संबंधित संशोधकांच्या सहभागाने झाला, हे ध्यानात ठेवावे. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने ४५ ते ६५ वयाच्या २७ निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. १३ जणांनी आठवड्यातून पाच वेळा २८ ग्रॅम गोजी ९० दिवस खाल्ली आणि त्यांच्या मॅक्युलातील रंगद्रव्याची घनता वाढली. २८ ग्रॅम हे पारंपरिक मात्रेच्या दुपटीहून अधिक आहे, आणि २७ ही संख्या फार लहान आहे.

यांवरून एवढेच म्हणता येते, की गोजी खाल्ल्याने डोळ्यांतील संरक्षक रंगद्रव्य वाढू शकते. आजार टळतो किंवा बरा होतो, हे यांतून सिद्ध होत नाही, कारण तेवढी वर्षे आणि तेवढी माणसे कोणी तपासलेलीच नाहीत. चष्म्याचा नंबर उतरणे, मोतीबिंदू विरघळणे, काचबिंदूचा दाब कमी होणे, यांसाठी गोजीवर विसंबून राहू नये. ज्यांना मॅक्युलाची झीज झाल्याचे निदान झाले आहे, त्यांच्यासाठी ल्युटिन, झिअॅक्झँथिन, जस्त आणि जीवनसत्त्वे यांचे ठरावीक मिश्रण अमेरिकेत चार हजारांहून अधिक व्यक्तींवर तपासले गेले आहे; नेत्रतज्ज्ञ ते देत असतील तर ते सोडून फळांवर येण्यात नुकसान आहे. एके काळी गोजीच्या जाहिरातींत अँटिऑक्सिडंट क्षमतेचे मोठमोठे आकडे छापले जात. प्रयोगनळीतील त्या आकड्यांचा माणसाच्या शरीराशी संबंध दाखवता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली ती यादीच २०१२ मध्ये मागे घेतली. तरीही ते आकडे अजून पाकिटांवर दिसतात.

खाण्याची रीत या रंगद्रव्याशी जोडलेली आहे. झिअॅक्झँथिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे गौचीचा चहा पिऊन तळाचे दाणे टाकून दिले, तर बहुशर्करा आणि गोडवा पोटात जातो आणि डोळ्यांसाठीचा भाग कचऱ्यात. चिनी घरांत पाणी पिऊन झाल्यावर फुगलेले दाणे चावून खातात, ती सवय योग्य आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोजी ८० अंश तापमानाच्या दुधात घोटून दिल्यावर, नुसत्या गरम पाण्याच्या तुलनेत, रक्तात सुमारे तिप्पट झिअॅक्झँथिन पोहोचले. भाताच्या पातळ पेजेत, कोंबडीच्या सूपमध्ये, वाफवलेल्या अंड्यावर गौची घालण्याची पद्धत चीनभर आहे. सूपमध्ये ती शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घालतात, म्हणजे दाणे विरघळून आंबटपणा उतरत नाही. लाल खजुरासारखी चिनी बोरे आणि लाँगन ही गोड फळे जोडीला घातली, की पेय उष्ण आणि जड होते, असे मानतात. ते हिवाळ्यासाठी आणि थंड प्रकृतीच्या माणसासाठी. उन्हाळ्यात शेवंतीची फुले बरी.

विकत घेताना रंगाला भुलू नये. गोजीच्या सालीवर मेणाचा थर असल्याने ती लवकर सुकत नाही, म्हणून सोड्याच्या पाण्यात बुडवून मग सुकवण्याची पद्धत आहे आणि ती वावगी नाही. काही उत्पादक मात्र फळे टवटवीत लाल दिसावीत आणि साठवणीत काळी पडू नयेत म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातून राहणारे सल्फाइट दम्याच्या रुग्णांना घातक ठरू शकते. भारतातील २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते पाकिटावर लिहिणे बंधनकारक आहे, तेव्हा सुट्या मालापेक्षा आयातदाराचे नाव आणि घटक लिहिलेले बंद पाकीट घ्यावे. नैसर्गिकरीत्या सुकवलेली फळे एकसारखी लाल नसतात. त्यांचा रंग मंद, कमीजास्त गडद असतो आणि देठाच्या टोकाला फिकट पांढरट ठिपका दिसतो. सगळे दाणे एकाच चकाकत्या रंगाचे असतील, नाकाला झोंबणारा आंबट वास येत असेल किंवा गार पाण्यात टाकताच पाणी लाल होत असेल, तर तो माल परत करावा. या घरगुती कसोट्या आहेत, प्रयोगशाळेची जागा त्या घेत नाहीत. कीटकनाशकांचे अवशेष तर डोळ्यांना दिसतच नाहीत. २०१३ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने चिनी औषधी वनस्पतींच्या ६५ नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा ४८ नमुन्यांत ते सापडले होते. म्हणून अवशेषांची तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र असलेला माल थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, आणि खाण्यापूर्वी दाणे कोमट पाण्यात पटकन दोनदा धुवावेत. फार वेळ भिजवून ते पाणी फेकू नये.

साठवण आपल्या हवेत जपून करावी लागते. गोजीतील साखर हवेतला ओलावा ओढते, आणि कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत उघडे पाकीट काही दिवसांतच चिकट, काळपट होते. हवाबंद बरणीत भरून ती फ्रिजमध्ये ठेवावी, कोरड्या चमच्यानेच दाणे काढावेत आणि एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमहून अधिक आणू नयेत. दाण्यांचा गोळा झाला असेल किंवा त्यांवर बुरशीचा ठिपका दिसत असेल, तर धुऊन, उन्हात वाळवून ते पुन्हा वापरात आणू नयेत. पूर्ण बरणी टाकून द्यावी.